नवा प्रोपेलर मागवण्याआधी पाती दोन अंश फिरवून बघा

प्रश्न: मी स्वतः बांधलेलं दोन आसनी, हाय-विंग विमान उडवतो. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं, गिअरबॉक्स २.४३ (इंजिनाच्या २.४३ फेऱ्यांना प्रोपेलरची एक). त्यावर १७३ सेंटिमीटर व्यासाचा, तीन पात्यांचा, जमिनीवर पिच (पात्यांचा कोन) बदलता येणारा प्रोपेलर आहे. पूर्ण थ्रॉटलला उभ्या विमानात ४६५० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) मिळतात, ६५ नॉट्सने चढताना ४७५० आणि सरळ उड्डाणात ५१५०. चढाई मंद आहे. ६०० किलो वजनाला मिनिटाला जेमतेम ६५० फूट. सरळ उड्डाणात वेग १०५ नॉट्स. दोन पात्यांचा एक लाकडी प्रोपेलर पाहून ठेवला आहे, जाहिरातीत '९५ टक्के कार्यक्षमता' लिहिलं आहे. मित्रांचं म्हणणं, दोन पाती केव्हाही चांगली, आणि पिच जितका जास्त तितका वेग जास्त. घेऊ का? – एक वाचक

उत्तर: तूर्तास घेऊ नका. तुम्ही दिलेल्या तीन आकड्यांतच दुखणं दिसतंय: तुमच्या पात्यांचा पिच जास्त आहे. इंजिनाला पूर्ण फिरायलाच मिळत नाही, म्हणून त्याची शक्ती बाहेर येत नाही. अशा वेळी दुसरा प्रोपेलर आणला आणि त्याचाही पिच अंदाजानेच ठरवला, तर पैसे जातील आणि चढाई आहे तिथेच राहील.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. रोटॅक्सच्या सूचनांप्रमाणे पूर्ण थ्रॉटलला ५२०० आरपीएमच्या खाली इंजिन चालवणं टाळायचं असतं. तुमचं इंजिन टेक-ऑफ, चढाई आणि सरळ उड्डाण या तिन्ही वेळी त्या खालीच आहे. कमी फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटल म्हणजे सिलिंडरमध्ये दाब जास्त, डेटोनेशनची (इंधन अवेळी स्फोटाने जळण्याची) शक्यता जास्त आणि गिअरबॉक्सवर धक्के जास्त. तेव्हा पुढच्या उड्डाणाआधी पिच कमी करा.

आता '९५ टक्के'कडे वळू. कार्यक्षमता म्हणजे थ्रस्ट (विमान पुढे ओढणारं बल) गुणिले विमानाचा वेग, भागिले शाफ्टवरची शक्ती. या व्याख्येनुसार उभ्या विमानात प्रोपेलर कितीही जोरात ओढत असला तरी कार्यक्षमता शून्य, कारण वेग शून्य. त्यामुळे वेग न सांगता दिलेला टक्का निरर्थक असतो. दुसरं म्हणजे प्रोपेलरला थ्रस्ट मिळतो तो हवा मागे ढकलून, आणि त्या हवेला दिलेली ऊर्जा परत मिळत नाही. पात्यांचं घर्षण शून्य धरलं तरी हा तोटा चुकत नाही. तुमच्या १७३ सेंटिमीटर व्यासाला आणि १०५ नॉट्सला ही आदर्श मर्यादाच ९४ टक्क्यांच्या आसपास येते. ६५ नॉट्सच्या चढाईला ती ८३ पर्यंत घसरते. त्यातून पात्यांचं घर्षण, टोकाशी होणारी गळती आणि मागच्या काऊलिंगचा (इंजिनावरच्या आवरणाचा) अडथळा वजा करा. चांगला जुळलेला फिक्स्ड पिच प्रोपेलर क्रूझला (नेहमीच्या सरळ उड्डाणाला) ८० ते ८५ टक्के देतो आणि चढाईला त्याहून बराच कमी. राइट बंधूंचे १९०३ सालचे हाताने तासलेले लाकडी प्रोपेलरसुद्धा ७५ टक्क्यांच्या पुढे होते. तेव्हा सव्वाशे वर्षांत उरलेली जागा किती थोडी आहे ते लक्षात येईल. निर्मात्यांनी ती भरली आहे, पण जाहिरात लिहिणाऱ्यांनी जरा जास्तच भरली आहे.

समजा, खरोखरच दोन टक्के सुधारणा मिळाली. वेग हा शक्तीच्या घनमुळाने वाढतो, म्हणजे १०५ नॉट्सचे १०५.७ होतील. चढाईत मिनिटाला तीसेक फूट. याउलट पिच बरोबर केल्यावर चढाईतले ४७५० आरपीएम ५२०० झाले, तर इंजिन सुमारे साडेनऊ टक्के जास्त शक्ती देईल आणि तुमच्या वजनाला मिनिटाला सव्वाशे ते दीडशे फूट जास्त मिळायला हवेत. त्याला खर्च काहीच नाही.

पिच जास्त म्हणजे नेमकं काय होतंय, ते तुमच्याच आकड्यांवर पाहू. पात्याचा कोन केंद्रापासून तीन-चतुर्थांश अंतरावर मोजायची पद्धत आहे. त्या ठिकाणचा बिंदू एका फेरीत साधारण ४.०८ मीटरचं वर्तुळ कापतो. सरळ उड्डाणात ५१५० आरपीएम म्हणजे गिअरबॉक्सनंतर प्रोपेलरचे २११९; सेकंदाला ३५.३ फेऱ्या. १०५ नॉट्स म्हणजे सेकंदाला ५४ मीटर. तेव्हा एका फेरीत विमान १.५३ मीटर पुढे सरकतं आणि पात्याकडे हवा साडेवीस अंशांच्या कोनातून येते. चढाईत विमान सेकंदाला ३३.४ मीटरच जातं, फेरीला जवळपास १.०३ मीटर, आणि हाच कोन १४ अंशांवर येतो. पातं तर तेच, त्याच कोनात घट्ट बांधलेलं. म्हणजे चढाईत त्याच पात्याला सहा-साडेसहा अंश जास्त ॲटॅक अँगल (येणारी हवा आणि पातं यांच्यातला कोन) सोसावा लागतो. प्रोपेलर स्वतः हवा आत खेचतो त्यामुळे प्रत्यक्ष फरक दोनेक अंशांनी कमी होतो, तरी पातं स्टॉलच्या (हवा पात्यावरून सुटण्याच्या) बाजूला झुकतंच. धावपट्टीवर उभ्या विमानात तर हवा समोरून जवळजवळ येतच नाही. तिथे जास्त पिचचं पातं ओढण्यापेक्षा हवा घुसळतंच जास्त. म्हणून धाव लांबते.

पिच वाढवला की वेग वाढतो हे तुमच्या मित्रांचं म्हणणं इंजिनाकडे शक्ती शिल्लक असेल तोवरच खरं. पूर्ण थ्रॉटल देऊनही फेऱ्या ५१५० वर अडत असतील तर ती मर्यादा तुम्ही मागेच ओलांडली आहे.

मात्र पिचला हात लावण्याआधी दोष खरंच पिचचा आहे याची खात्री करा. कॉकपिटमधला थ्रॉटल पूर्ण पुढे असताना दोन्ही कार्ब्युरेटरचे आर्म स्टॉपला टेकतात का, ते काऊलिंग काढून डोळ्यांनी पाहा. एक केबल तीन-चार मिलिमीटर आखूड असली तरी लक्षणं हीच दिसतात. कार्ब्युरेटरचं सिंक्रोनायझेशन आणि दोन्ही इग्निशनचा ड्रॉप (एकेक बंद केल्यावर फेऱ्या किती उतरतात) तपासा. मग टॅकोमीटर, म्हणजे फेऱ्या मोजणारा काटा. पॅनेलवरचा टॅको शंभर-दीडशे आरपीएमने चुकणं मुळीच दुर्मिळ नाही, आणि पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे. पात्यांकडे रोखायचा ऑप्टिकल टॅको आणा, त्यावर तीन पाती निवडा आणि सावलीतल्या मोकळ्या जागेत मोजा. हा टॅको प्रोपेलरचे फेरे दाखवतो, त्यांना २.४३ ने गुणायचं. ऑप्टिकल टॅको नीट चालतोय की नाही हे जुन्या चोक-पट्टीच्या ट्यूबलाइटवर कळतं: ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्यामुळे तीन पात्यांच्या सेटिंगवर बरोबर २००० आणि दोन पात्यांच्या सेटिंगवर ३००० दिसायला हवेत. त्याच कारणाने हँगरमध्ये ट्यूबलाइटखाली प्रोपेलर मोजू नका, आकडा खोटा येईल. वेगाच्या काट्यावरही विसंबू नका. घरी बांधलेल्या विमानात स्टॅटिक पोर्टच्या (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकाच्या) जागेमुळे तो सहज पाच नॉट्स फसवतो. एकाच उंचीवर चार दिशांना जाऊन जीपीएस वेगांची सरासरी काढलीत तरी पुरे.

हे सगळं ठीक निघालं, की पिच. लक्ष्य असं ठेवा: नेहमीच्या उंचीवर पूर्ण थ्रॉटलला सरळ उड्डाणात सुमारे ५६००, चढाईत ५२०० किंवा थोडे जास्त, उभ्या विमानात ५१०० च्या आसपास; वेग आला की फेऱ्या ५२०० गाठतात. ५८०० ही पाच मिनिटांची मर्यादा आहे आणि ५५०० च्या वर सतत चालवायचं नाही, हे ध्यानात ठेवून सरळ उड्डाणात थ्रॉटल मागे घ्यायचाच आहे. रोटॅक्सवर अशा प्रोपेलरचा एक अंश पिच म्हणजे ढोबळमानाने इंजिनाचे २०० ते ३०० आरपीएम. तुम्हाला साडेचारशे हवेत, म्हणजे दोन अंश कमी. पण एकदम दोन करू नका. आधी एक अंश कमी करा, उडा, मोजा. तुमच्या प्रोपेलरचा अंशाला किती हा खरा आकडा हाती आला की उरलेलं ठरवा.

पिच बदलायला घेताना: दोन्ही इग्निशन बंद, किल्ली खिशात, प्लगच्या टोप्या काढलेल्या, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. प्रोपेलर हाताने फिरवायचा तो नेहमी त्याच्या चालण्याच्या दिशेने; रोटॅक्स उलटा फिरवला तर तेलाच्या मार्गात आणि हायड्रॉलिक टॅपेटमध्ये हवा शिरते. निर्मात्याने कोन मोजायला सांगितलेलं अंतर प्रत्येक पात्यावर हबच्या (पाती बसतात त्या मधल्या भागाच्या) मध्यापासून मोजून चिकटपट्टी लावा. डिजिटल लेव्हल हबच्या पुढच्या सपाट पृष्ठभागावर धरून तिथे शून्य करा, जमिनीवर नाही, कारण विमान नाकाकडे किंवा शेपटीकडे कललेलं असतं आणि तो कल तुमच्या मोजणीत घुसतो. आता पहिलं पातं आडवं आणा, कोन लिहून घ्या. मग दुसरं पातं त्याच बाजूला, त्याच आडव्या स्थितीत आणा, मग तिसरं. पाती जिथे आहेत तिथेच वेगवेगळ्या बाजूंनी मोजली तर अर्ध्या अंशाची चूक कळतही नाही.

हबचे बोल्ट पातं हाताने जेमतेम वळेल इतकेच सैल करा. कोन लावा, मग निर्मात्याने दिलेल्या टॉर्कला तीन टप्प्यांत, समोरासमोरचे बोल्ट घेत आवळा, आणि आवळून झाल्यावर तिन्ही कोन पुन्हा मोजा. आवळताना पातं सरकतंच, बहुधा पाव अंश, आणि नेमकं हेच मोजायचं राहून जातं. तिन्ही पात्यांतला फरक ०.२ अंशाच्या आत हवा. एक पातं अर्धा अंश पुढे असेल तर ते जास्त ओढतं आणि इंजिन माउंटला थरथर येते. मग तुम्ही वजनाचं बॅलन्सिंग करत बसता, ज्याचा इथे काही उपयोग नाही. शेवटी ट्रॅक, म्हणजे तिन्ही टोकं एकाच पातळीत फिरतात का ते: एका पात्याच्या टोकाजवळ लाकडी ठोकळा जमिनीवर घट्ट ठेवा आणि तिन्ही टोकं त्यासमोरून न्या, पुढे-मागे फरक तीन मिलिमीटरहून कमी हवा. बोल्टच्या डोक्यावरून हबवर जाणारी रंगाची रेघ ओढा, बोल्ट सरकला तर ती तुटलेली दिसेल. पहिल्या इंजिन रननंतर टॉर्क परत पाहा.

उभ्या विमानातला रन वारा नसताना घ्या, किंवा वारा बाजूने ठेवा. समोरून वारा असला की आरपीएम फुगतात. तेलाचं तापमान ५० अंश सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल नको.

या बदलानंतर पूर्वीच्याच क्रूझ वेगाला काटा तीनचारशे आरपीएम वर दिसेल. लगेच पेट्रोल वाढलं असं समजू नका. त्या वेगाला विमानाला लागणारी शक्ती तीच आहे. थ्रॉटल कमी उघडा असेल, फेऱ्या जास्त असतील. घर्षणामुळे खप थोडा वाढतो, नाही असं नाही, पण लहान धावपट्टी आणि ६०० किलो वजन असताना चढाई सोडून ते वाचवण्यात अर्थ नाही. लांब धावपट्ट्यांवरून नेहमी एकट्यानेच दूर जात असाल तर सरळ उड्डाणात ५५०० ठेवा. त्याहून खाली नको.

दोन पाती की तीन, हा वाद खरं तर इतका मोठा नाही. तिसरं पातं आधीच्या पात्याने घुसळलेल्या हवेत फिरतं असं सांगितलं जातं, ते या विमानांना लागू नाही. वरच्याच आकड्यांनी बघा: फेरीला १.५३ मीटर, म्हणजे तीन पात्यांत एकाच्या मागून दुसरं जातं तोवर विमान ५१ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. फरक पडतो तो पात्यांच्या रुंदीमुळे. तेवढीच शक्ती तीन पात्यांत वाटली की एकतर पाती अरुंद करावी लागतात किंवा एकूण पृष्ठभाग, आणि घर्षण, वाढतं. व्यास वाढवायला जागा असेल तर दोन पाती एखाद-दोन टक्क्यांनी सरस ठरतात. व्यास अडला असेल तर तीन पाती शक्ती नीट पचवतात, आणि वळणात, विशेषतः यॉ होताना (नाक डावी-उजवीकडे फिरताना), दोन पात्यांसारखी फेरीला दोनदा येणारी थरथर देत नाहीत. माझ्या मते तुमच्यासारख्या विमानाला तीन पाती योग्यच आहेत. चालत्या गाड्याला खीळ घालण्याचं कारण नाही.

व्यासाकडे मात्र लोक द्यावं तेवढं लक्ष देत नाहीत. १७३ ऐवजी १५० सेंटिमीटर घेतला, तर चढाईतली आदर्श मर्यादा ८३ वरून ८० टक्क्यांवर येते आणि क्रूझला ९४ वरून ९२ वर. म्हणजे संथ विमानाला मोठा व्यास जास्त मानवतो. त्याला वरची मर्यादा तीन बाजूंनी येते. एक, टोकाचा वेग. तुमचा प्रोपेलर ५८०० ला मिनिटाला २३८७ फेऱ्या घेतो, टोक सेकंदाला २१६ मीटर जातं. पुढचा वेग धरूनही ध्वनीच्या वेगाच्या ६५ टक्के. इथे तुम्ही निवांत आहात. गिअरबॉक्स नसलेल्या, ३३०० आरपीएमच्या इंजिनावर १५२ सेंटिमीटरचा प्रोपेलर लावला तरी टोक ध्वनीच्या ७९ टक्क्यांवर पोचतं, आणि जाड लाकडी टोकांना ८० च्या पुढे हवेचा विरोध आणि आवाज दोन्ही झपाट्याने वाढतात. दुसरी मर्यादा जमिनीची. नाकाखाली चाक असेल तर १८ सेंटिमीटर, शेपटीचं चाक असेल तर विमान सपाट धरून २३ सेंटिमीटर मोकळे हवेत. शिवाय टायर बसलेला आणि चाकाचा पाय पूर्ण दबलेला असतानाही टोक जमिनीला लागता कामा नये. गवताच्या धावपट्टीवर याहून जास्त ठेवा. तिसरी मर्यादा जडत्वाची: या गिअरबॉक्सला प्रोपेलरचा मोमेंट ऑफ इनर्शिया ६००० किलो-चौरस सेंटिमीटरच्या आत हवा. लांब आणि जड पाती लावली तर सुरू आणि बंद करतानाच्या झटक्यांनी गिअर खातात.

व्यास थोडा जास्त झाला तर टोकं कापू असं म्हणू नका. शोषली जाणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. १७३ चे १७१ केले की पाच-सहा टक्के उतरते. लाकडी प्रोपेलर निर्माता स्वतः टोकं कापून, तासून, पुन्हा बॅलन्स करून देऊ शकतो. धातूचं पातं मात्र घरी कधीही कापू नका, वाकवून पिचही बदलू नका. कापलं की त्याची नैसर्गिक कंपनं बदलतात, ती इंजिनाच्या झटक्यांशी जुळली तर पातं हबजवळ किंवा मध्यावर थकून तुटतं, आणि एका पात्याचा तुकडा उडाल्यावर उरलेला असमतोल इंजिनाला माउंटसकट उखडू शकतो.

उडताना पिच बदलणाऱ्या प्रोपेलरचा विचार मनात येईलच. चढाईचा आणि सर्वोच्च वेगाचा फरक दुपटीच्या आसपास गेला की तो फेडतो. तुमचा ६५ ते १०५ आहे. त्यासाठी ते जादा वजन आणि देखभाल नको.

एवढं करूनही पुढे लाकडी प्रोपेलर हवाच असेल, तर हरकत नाही. लाकूड हलकं असतं, कंपनं शोषतं, तुमच्या गिअरबॉक्सला सुखाचं. फक्त त्याचा पिच नंतर फिरवता येत नाही, म्हणून आत्ताच्या प्रोपेलरवर सगळे आकडे पक्के झाल्यावरच मागवा. निर्मात्याला इंजिन आणि गिअरचं गुणोत्तर, फिरण्याची दिशा, फ्लँजवरच्या (प्रोपेलर बसतो त्या चकतीवरच्या) बोल्टच्या वर्तुळाचा व्यास (९१२ वर ७५, ८० आणि १०१.६ मिलिमीटर अशी तीन असतात, तुम्ही कोणतं वापरता ते), जास्तीत जास्त शक्य व्यास, वजन, आणि खऱ्या टॅकोवर मोजलेले उभ्या, चढाईच्या व सरळ उड्डाणाच्या आरपीएमसोबतचे खरे वेग, उंची आणि तापमान कळवा. हे न विचारता '१०० अश्वशक्ती ना, मग हा घ्या' असं सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका. पुढच्या कडेला धातूची किंवा युरेथेनची पट्टी मागा. नुसतं लाकूड पावसात उडवलं तर एका सरीत कड खरवडते.

बसवताना बोल्ट ठरलेल्या टॉर्कपेक्षा जास्त आवळू नका, लाकडाचे तंतू चिरडतात. सैल राहिले तर त्याहून वाईट: लाकडी प्रोपेलरला वळवण्याचं काम हब आणि लाकूड यांच्यातलं घर्षण करतं, बोल्ट फक्त दाबून धरतात. घर्षण सुटलं की लाकूड घासतं, जळतं, बोल्टची भोकं लांबट होतात. हबच्या कडेला काळपट भुकटी दिसली तर तिथेच उड्डाण थांबवायचं आणि प्रोपेलर उतरवायचा. टॉर्क पहिल्या उड्डाणानंतर, मग २५ तासांनी, पुढे दर ५० तासांनी तपासा, आणि दमट हवा जाऊन कोरडी आली की तासांचा हिशेब बाजूला ठेवून तपासा, कारण सुकलेलं लाकूड आकसतं. जुन्या आणि नव्या प्रोपेलरच्या वजनात तीन किलोंचा फरक असला तरी, नाकाच्या टोकावर असल्यामुळे, तुमच्या विमानाचा गुरुत्वमध्य आठ-नऊ मिलिमीटर सरकतो. वजन आणि समतोल पुन्हा मांडून लॉगबुकात नोंद केल्याशिवाय उडू नका.